मिठाचं प्रवाळ आणि सोळावा सोमवार

“आत्या, मी परीक्षकांना आणायला जाते. बारापर्यंत कुणाला हात लावू देऊ नकोस. बस, एवढंच कर!”

कल्पिताचे हे शब्द कोकिळाआत्या सकाळपासून मनात घोळवत होत्या. एवढंच? अहो, नुसतं बसण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं! प्रदोषाला तर त्या देवळातल्या समईपेक्षाही स्थिर बसत.

भाची चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. माणसाच्या उपद्व्यापाने समुद्रातलं प्रवाळ कसं पांढरं पडून मरतं, ते तिला दाखवायचं होतं. म्हणून तिने बाभळीच्या फांद्या महिनाभर मिठागराच्या पाण्यात बुडवल्या. फांद्यांवर मीठ धरलं आणि गावच्या समाजमंदिरात पांढरंशुभ्र, झगमगतं प्रवाळ उभं राहिलं. त्यावरच तिचं पास-नापास!

अडचण एकच होती. कल्पिता पास व्हावी म्हणून आत्यांनी सोळा सोमवार मौन धरलं होतं. बारापर्यंत चकार शब्द नाही! नवस कुणाला सांगायचा नसतो, म्हणून कल्पितालाही सांगितलं नव्हतं. आणि आज होता सोळावा!

साडेदहाला शेजारची नीराबाई डोकावली. “अगो बाय! ही कंची देवी?”

आत्यांनी जोरात मान हलवली. नीराबाई पुढे सरकली, तशा आत्या हात पसरून आडव्या आल्या. ती डावीकडून वळली, आत्याही वळल्या. ती उजवीकडून, आत्याही! अंबाडा सुटला, पदर घसरला, मान गरगर फिरू लागली.

“अगो सखुबाय, धाव! कोकिळेच्या अंगात आलं!”

पाच मिनिटांत समाजमंदिर भरलं. एरवी ग्रामसभेला दहा डोकी जमत नाहीत!

नीराबाईने हात जोडले. “आई, माज्या परेशला नोकरी लागंल का?”

मी देवी नाही, नाही, अशी आत्यांनी मान हलवली. नीराबाईने हंबरडा फोडला.

“लगीन तरी व्हईल का त्याचा?” सखुबाईने विचारलं.

पुन्हा तीच मान!

“गेला पोरगा कामातून!” सखुबाईने निकाल दिला.

बोलावं, तर पोरीचा नवस मोडतो. न बोलावं, तर पोरीचं प्रवाळ! शेवटी आत्यांना युक्ती सुचली. फांदीला बोट लावून त्यांनी ते जिभेवर ठेवलं आणि तोंड वाकडं केलं. मीठ आहे गं बायांनो, मीठ!

“परसाद!” सखुबाई ओरडली.

कडाकड टोकं मोडली. “खारट हाय गो!”

“मंग? दर्याची देवी हाय ती! कोपलीय. न्हाऊ घाला तिला!”

आत्यांनी प्रवाळापुढे अंग झोकून दिलं. त्याचा अर्थ साष्टांग नमस्कार असा निघाला! कळशीमागून कळशी त्यांच्या डोक्यावरून प्रवाळावर गेली.

बाराचा भोंगा झाला.

“मीठ आहे ते!” आत्या किंचाळल्या. आयुष्यात पहिल्यांदा!

दारात कल्पिता आणि परीक्षक उभे होते. समोर खाऱ्या पाण्याचं तळं, त्यात उघड्या काटक्या आणि तरंगतं हळदकुंकू.

परीक्षकांनी चष्मा पुसला. “मानवी हस्तक्षेप अगदी सविस्तर दाखवलाय. पण प्रवाळ कुठाय?”

“आत्या, एक शब्द! एकच शब्द बोलली असतीस!”

आत्यांनी खाली मान घालून नवस सांगितला. कल्पिता ओल्या पायरीवर मटकन बसली. परीक्षकांनी महिन्याची मुदत दिली; नाहीतर वर्ष गेलं.

“फांद्या मी बुडवीन,” आत्या पुटपुटल्या. “उद्याच. शब्द दिला तुला.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी मोळी बांधली. पुढच्या दारात नारळ घेऊन अकरा बायका बसल्या होत्या. सगळ्यांत पुढे नीराबाई, आणि तिच्या शेजारी तोंड पाडून खुद्द परेश!

“बायांनो, मी देवी नाही गं,” आत्यांनी खिडकीतून सांगून पाहिलं.

“खरी देवी असाच बोलते!” नीराबाई म्हणाली आणि सगळ्यांनी हात जोडले.

आत्यांनी बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या, चपला हातात घेतल्या, मोळी डोक्यावर ठेवली आणि मागच्या दाराने, पाऊल न वाजवता, मिठागराची वाट धरली.