माशाच्या डोक्यावरची लिफ्ट

मी लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे असं सांगितलं की लोक आदरानं बघतात. मी तिथे हिशेब खात्यात बसतो, हे मी सहसा सांगत नाही. का सांगावं? ज्या माणसाच्या टेबलावरून आजवर शेकडो लिफ्टची बिलं गेली, त्याला लिफ्ट कळत नाही असं म्हणायची कोणाची हिंमत आहे? एका माशानं ती हिंमत केली. त्याचीच ही हकीकत.

सासूबाई गेल्यावर आमचे सासरे आमच्याकडे राहायला आले, ते दोन बॅगा आणि एक टाकी घेऊन. बॅगा पलंगाखाली गेल्या. टाकी सहा फुटी! तिच्यासाठी आमचा सोफा बाल्कनीत गेला आणि तो अजून तिथेच आहे. टाकीत बारकेसारके मासे पुष्कळ आहेत, पण मालक एकच. जेवणाच्या ताटलीएवढा, काळपट केशरी, म्हातारा मासा. सासरे शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे त्यांनी त्याचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं आहे. तो काचेशी येऊन असा रोखून बघतो की आपल्या सगळ्या वह्या अपुऱ्या असल्यासारखं वाटायला लागतं. खातो फक्त सासऱ्यांच्या हातून. मी एकदा दाणे टाकले, तर पठ्ठ्यानं ते तोंडात घेतले आणि माझ्या दिशेनं परत थुंकले!

या टाकीवर दिव्यांचं लांबलचक, जड झाकण होतं. आत हात घालायचा तर ते दोन्ही हातांनी डोक्यापर्यंत उचलावं लागे. सासरे ते रोज उचलायचे. आणि मग त्यांचा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. फिजिओथेरपीवाल्या बाई घरी येऊन व्यायाम शिकवून गेल्या. तो व्यायाम आपण रोज खोलीचं दार लावून करतो, असं सासरे सांगत. झाकण मात्र आता बायको उचलून धरायची आणि सासरे डाव्या हातानं खाऊ घालायचे.

एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "रविवारी माशांच्या दुकानवाल्याला बोलावलंय. टाकी घेऊन जाईल."

"अहो बाबा, आम्ही आहोत ना झाकण उचलायला!" बायको म्हणाली.

"तुम्ही झाकण धरून उभं राहायचं आणि मी पाहुण्यासारखा हात घालायचा? त्याला मासे पाळणं म्हणत नाहीत, बाळ."

आणि ते शांतपणे ताट उचलून आत गेले. तेही डाव्या हातानं.

स्वयंपाकघरात बायको घासलेलंच पातेलं पुन्हा घासत होती. "आई गेल्यापासून दिवसभरात आपल्याशी चार शब्द बोलतात ते. बाकीचं सगळं त्या माशाशी बोलतात. टाकी गेली ना, तर..." पुढचं वाक्य तिनं नळाच्या आवाजात सोडून दिलं.

मला राहवलं नाही. मी छाती पुढे काढून म्हणालो, "आम्ही माणसं वर-खाली करतो! दिव्यांचं काय घेऊन बसलीस? बाबा एका बोटानं उचलतील असं करून देतो!"

"तुम्ही?" ती म्हणाली. नुसतं एवढंच. पण त्या 'तुम्ही'त आमचा सगळा संसार होता.

योजना सोपी होती. झाकणाऐवजी ॲल्युमिनियमचा हलका सांगाडा, त्यावर दिवे. सांगाडा दोन दोऱ्यांनी छतावरच्या दोन कप्प्यांना टांगायचा, त्या दोऱ्या भिंतीजवळच्या तिसऱ्या कप्पीवरून खाली आणायच्या, आणि टोकाला वजनाचा डबा. दिव्यांचं वजन डब्यानं पेललं की ओढणाऱ्याला काही ओझंच नाही. लिफ्ट अशीच चालते. बिलावर लिहिलेलं असतं.

दोन कप्प्या दुकानातून आणल्या. तिसरी शोधत असताना सासऱ्यांच्या कपाटावर, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यामागे एक छानशी कप्पी मिळाली. दोरीसकट! दोरीला लाकडी मुठीसुद्धा! शाळेत मुलांना दाखवायचं काहीतरी असेल, असं समजून मी ती लावून टाकली. ओढायच्या टोकाला ती लाकडी मूठ काय शोभत होती म्हणता! सासऱ्यांनी बाहेर येऊन त्या मुठीकडे बघितलं. मग लेकीकडे बघितलं. मग पुन्हा मुठीकडे बघितलं आणि घसा खाकरून म्हणाले, "छान आहे." मी धन्य झालो.

डब्यात टाकीतलेच उरलेले खडे भरले. किती भरायचे? अंदाजानं भरले आणि वर सुरक्षिततेसाठी दोन ओंजळी आणखी. मग सगळ्यांना उभं करून मी भिंतीतल्या हुकाला गुंडाळलेली दोरी सोडली.

डबा धाडकन खाली आला. सांगाडा सुसाट वर गेला, छतावर आपटला आणि जाता जाता त्यानं पंख्याला अशी टाळी दिली की पंखा बंद असून दोन फेरे फिरला! खडे हॉलभर. बायको खुर्चीवर. इन्स्पेक्टर दगडामागे जो गेला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "मासा आहे तो. त्याला अंतराळात जायचं नाहीये."

तरीही रविवारपर्यंत मी खडे मोजूनमापून सांगाडा बरोबर तोलला. दुकानवाला दारात उभा असतानाच सासऱ्यांनी उजव्या हातानं मूठ धरून जराशी खाली ओढली. कप्पी करकरली आणि दिवे अलगद वर गेले. त्यांनी दोरी हुकाला गुंडाळली, डावा हात पाण्यात घातला, आणि इन्स्पेक्टर वर आला. कोणाचीही मदत नाही. बायकोनं माझ्याकडे असं बघितलं, की लग्नानंतर तसं तिनं बहुधा पहिल्यांदाच बघितलं असावं.

"सध्या राहू दे," सासरे दुकानवाल्याला म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, "पण हे दिवे एकदा जरी खाली घसरून पाण्यात पडले, तर टाकी त्याच दिवशी जाईल. मासे शॉक लागून मेलेले मला बघायचे नाहीत."

झालं! पाण्यापासून दिवे किती उंच हवेत, त्याची पेन्सिलनं मी भिंतीवर खूण केली. सकाळी सांगाडा खुणेवर लावून, दोरी हुकाला गुंडाळून ऑफिसला जायचो. आणि संध्याकाळी येऊन बघतो तर सांगाडा खुणेच्या वर! रोज! कधी चार बोटं, कधी वीतभर.

"बाबा, तुम्ही दिवसभर हे वर-खाली करता का?"

"मी कशाला? सकाळ-संध्याकाळ, खायला घालण्यापुरतं."

बायको म्हणाली, "मी तर हातच लावत नाही बाई. मला तो पंखा आठवतो."

म्हणजे माझी लिफ्ट आपोआप सरकत होती! आज वर सरकते, उद्या खाली सरकेल. मग पाणी, शॉक, मासे, दुकानवाला आणि बायकोचं ते अर्धं वाक्य. ऑफिसात माझं लक्ष लागेना. शेवटी डबा खाताना आमच्या मेकॅनिकला विचारलं.

"वर जातंय ना?" तो घास गिळत म्हणाला. "मग वजन जास्त झालंय. काढा थोडं."

मी घरी येऊन गुपचूप डब्यातले मूठभर खडे काढून बाल्कनीतल्या कुंडीत टाकले. दुसऱ्या दिवशी सांगाडा पुन्हा वर! आणखी मूठभर. तिसऱ्या दिवशी पुन्हा! कुंडी भरत चालली, डबा रिकामा होत चालला, आणि सांगाडा काही खुणेवर राहीना. मला तो रोज फक्त खाली आणावा लागे, आणि खाली आणणं दिवसेंदिवस सोपंच होत होतं. त्यामुळे माझी प्रगती चालली आहे असाच माझा समज होता.

आणखी एक गोष्ट. मी खुणेवर आणायला म्हणून दोरीला हात लावला, कप्पी करकरली, की इन्स्पेक्टर तिरासारखा वर येऊन तोंड उघडायचा! मला बघितलं की तोंड मिटून परत जायचा. एकदा मी तेलाची कुपी घेऊन स्टुलावर चढलो, तर सासरे खोलीतून जवळजवळ धावत आले. "तेल नको! पाण्यात थेंब पडला तर?" मला त्यांचं म्हणणं पटलं.

आणि मग महिन्याभरानं फिजिओथेरपीवाल्या बाई तपासायला आल्या.

"बाबा एक दिवस चुकवत नाहीत हं व्यायाम," बायकोनं कौतुकानं सांगितलं.

"छान! आणा बघू कप्पी. माझ्यासमोर करून दाखवा."

"कसली कप्पी?" बायकोनं विचारलं.

"दोरीची. दाराला लावून ओढायची. लाकडी मुठी असलेली. मी दिली होती ना!"

सासरे छताकडे बघायला लागले. ते बघतात म्हणून बाईंनी बघितलं. बाईंनी बघितलं म्हणून बायकोनं बघितलं. मी तेवढा जमिनीकडे बघत होतो.

"ती तिथे काय करतेय?" बाईंनी विचारलं.

"मला वाटलं... भूगोलाची..." मी म्हणालो. यापुढे त्या वाक्याला कुठे जायलाच जागा नव्हती.

बायको वडिलांकडे वळली. "म्हणजे बाबा, तुमची कप्पी महिनाभर छताला आहे आणि तुम्ही बोलला नाहीत? मग दार लावून व्यायाम कुठला करत होतात?"

"पेपर वाचत होतो," सासरे म्हणाले. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "दाराला दोरी बांधून खेळत बसायचं, ते कोणासाठी? तुझी आई होती तेव्हा गोष्ट वेगळी. आणि मग ह्यांनी ती इथे लावली. आता विचारलं असतं तर माझीच थाप उघडी पडली असती!"

"थांबा," बाई म्हणाल्या. "ओढून दाखवा."

सासऱ्यांनी मूठ धरली आणि ओढली. करकर! दिवे वर. हळूच सैल सोडली. दिवे खाली, मूठ हातासकट वर. पुन्हा ओढली. इन्स्पेक्टर वर येऊन तोंड उघडून थांबला.

"हे दिवसातून किती वेळा?"

"मोजलं नाही. ह्याला आवाज कळतो. करकरलं की हा वर येऊन बघतो." सासरे माशाकडे बघत होते, आमच्याकडे नाही. "असं कोणी आपली वाट बघायला लागलं, की थांबायचं कसं?"

बाईंनी मूठ स्वतःच्या हातात घेतली, ओढून बघितली आणि माझ्याकडे बघितलं. "केवढं जड आहे हे! सुरुवातीपासून असंच?"

"नाही हो," सासरे म्हणाले. "रोज थोडं थोडं जड व्हायला लागलं. मला वाटलं, माझा हातच आणखी गेलाय. मग मी जास्त ओढायचो."

मला कुंडी आठवली. मी ओढून बघितलं, तर माझ्याच खांद्यातून कळ निघाली.

"हात वर करा," बाईंनी सासऱ्यांना सांगितलं.

त्यांनी केला. हात छातीच्या वर गेला, खांद्याच्या वर गेला आणि सरळ कानाला टेकला. सासरे मान वळवून आपल्याच हाताकडे बघत राहिले. बायको रडायला लागली आणि रडता रडता आधी त्यांना रागावली, मग मला रागावली. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू! माझी लिफ्ट एकदाही घसरली नव्हती. वर-खाली करायला केलेली वस्तू कोणीतरी वर-खाली करत होतं, आणि महिनाभर मी तिच्यातला दोष शोधत होतो.

आता सगळे माझं नाव काढतील, अशा खुशीत मी दुसऱ्या दिवशी घरी आलो. तर माझा सांगाडा बाल्कनीत, सोफ्यावर आडवा! टाकीवर जुनं झाकण. सासऱ्यांनी ते माझ्यासमोर दोन्ही हातांनी डोक्यापर्यंत उचलून दाखवलं. "हात जातोय आता. मग हे धूड कशाला हवं?"

हरकत घेतली ती फक्त इन्स्पेक्टरनं. त्यानं झाकणाकडे ढुंकूनही बघितलं नाही. भिंतीजवळच्या कोपऱ्याकडे तोंड करून बसला आणि दाण्याला शिवेना. दोन दिवस! शेवटी सासरे स्वतः स्टुलावर चढले आणि तेवढी एक कप्पी आणि दोरी जागच्या जागी लावून खाली उतरले. ओढली. करकरली. इन्स्पेक्टर वर आला.

तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये एक कप्पी आहे आणि तिला काहीही टांगलेलं नाही. सासरे रोज ती ओढतात, माशाशी गप्पा मारतात, आणि हल्ली त्यातल्या थोड्या आमच्याशीही मारतात. आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, "ही कप्पी काय उचलते हो?"

"काहीच नाही," सासरे सांगतात. "नुसती करकरते. आमच्या जावईबापूंची आहे."

तेलाची कुपी बायकोनं कुलपात ठेवली आहे.