पन्हळ ओलांडायची नाही

आमचे शेजारी खांबेटे दर शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, दुबईबाहेर हत्त्याच्या डोंगरातल्या तलावाभोवती पळायचे आणि फेरा पुरा व्हायला धरणाची भिंत तेवढी उरली, की हात जोडून मागे फिरायचे. भिंतीच्या पलीकडच्या टोकाला आमची गाडी उभी असायची. सपाट सिमेंट, पाच मिनिटांचं काम. पण खांबेटे आल्या वाटेने पुन्हा डोंगर चढणार, खिंड उतरणार आणि सबंध तलावाला उलटा वळसा घालून गाडीपाशी येणार.

"तलाव म्हणजे पिंड," ते समजावून सांगायचे. "धरणाचा सांडवा म्हणजे पन्हळ. शंकराची प्रदक्षिणा पन्हळीपर्यंतच. ओलांडायची नाही."

त्या सांडव्यावरून पाणी वाहिलेलं आमच्यापैकी कोणीही पाहिलेलं नव्हतं. मी एकदा तसं म्हणालो.

"मग? अभिषेक थांबला म्हणून देवळात पन्हळीवर पाय देता का तुम्ही?"

बरं, माणूस देवभोळा म्हणावा तर तेही नाही. अल कुसैसच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये कॅलेंडरवरचा गणपती सोडला तर देव नव्हता. रास अल खोरला एसीचे डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये ते एस्टिमेटर होते. पत्रा किती लागेल हे कागदावर न मांडता सांगायचे. हे शंकराचं शास्त्र त्यांना फक्त शुक्रवारी आठवायचं.

मी या भानगडीत पडलो तो माझ्या पोटामुळे. दुबईत आल्यापासून शॉर्मा मला जरा जास्तच मानवला होता. "खांबेटे भावजी बघा, पन्नाशीला आले तरी कसे सडसडीत आहेत," असं आमची नीला तीन वेळा म्हणाली, आणि चौथ्या वेळी तिने माझे बूटच काढून ठेवले. तिसरा गडी म्हणजे खालच्या मजल्यावरचे पै. मंगळूरचे. आमच्याशी हिंदीत बोलायचे आणि दमले की कोकणीत देवाचा धावा करायचे.

वाट तशी सुरेख होती. आधी शेळ्यांनी पाडलेली पाऊलवाट, मग वादीतले, म्हणजे कोरड्या ओढ्यातले गोटे, मग खिंड. खिंडीत पोचलं की खाली एकदम हिरवं पाणी दिसायचं आणि इतका वेळ आपण का आलो म्हणून स्वतःला दिलेल्या शिव्या परत घ्याव्याशा वाटायच्या. खांबेटे पुढून ओरडायचे, "दगडाकडे बघू नका, दोन दगडांच्या मधे बघा!" मी दोन दगडांच्या मधे बघितलं आणि तिसऱ्यावर आपटलो. खांबेटे धावत मागे आले, गुडघा पाहिला आणि म्हणाले, "सावकाश. घाई कुणाला आहे?"

पळणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य मी दुसरीकडे कुठे ऐकलं नाही. त्यांच्या तोंडी दुसरा विषय मुग्धाचा. मुलगी दहावी झाल्यावर पुण्याला अकरावीत गेली आणि तिच्यासोबत तिची आई. गल्फमधल्या निम्म्या घरांत हेच होतं, त्यामुळे कोणाला विशेष वाटलं नाही. "बारावी झाली की इकडेच येणार ती," खांबेटे म्हणायचे. "इथे कॉलेजं निघतायत आता. मग तिला घेऊन येतो या वाटेवर."

एका शुक्रवारी आमच्याकडे सत्यनारायण होता. दुबईत गुरुजी मिळायचे नाहीत, म्हणून पूजा कॅसेटवर. बाराला सुरुवात. मी धरणाच्या भिंतीपाशी आलो आणि खांबेट्यांना म्हणालो, "आजच्या दिवस सरळ जाऊ."

"पन्हळ ओलांडायची नाही."

"खलास, भाई," पै म्हणाले, "भगवान माफ करेगा," आणि भिंतीवरून चालू लागले. मीही त्यांच्या मागे गेलो. पाच मिनिटांत गाडी गाठली. किल्ली खांबेट्यांच्या खिशात.

दीड तास आम्ही गाडीच्या सावलीत बसलो. घरी आलो तेव्हा नीलाने गुरुजींना पॉझ करून ठेवलं होतं आणि पाहुणे चिवड्यावर आले होते. पूजा उरकली. प्रसाद देताना तिने खांबेट्यांना गाठलं.

"भावजी, खरं सांगा. कुठल्या पोथीत लिहिलंय तलावाला पन्हळ असते म्हणून?"

खांबेट्यांनी हातातल्या शिऱ्याकडे पाहिलं. "कुठल्याच नाही, वहिनी. लवकर घरी येऊन करू काय?"

नीलाने त्यांच्या हातावर आणखी एक मूद ठेवली. मी मात्र त्यानंतर भिंतीचं नाव काढलं नाही आणि पैंनीही नाही.

बारावीचा निकाल लागला, मुग्धाला पुण्यातच इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. "एक वर्ष बघू तिथे. मग इथे ट्रान्सफर घेता येते," खांबेटे म्हणाले. डिसेंबरच्या सुट्टीत ती आली, आणि पहिल्याच शुक्रवारी त्यांनी तिला हत्त्याला आणलं. नवे बूट घेऊन दिले होते. पोरगी बापाच्या वरताण निघाली. खिंडीत ती आमच्या आधी पोचून पाण्याकडे बघत उभी. खांबेटे आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत होते, "बघितलंत? दम लागलाय का बघा तिला!"

भिंतीपाशी आम्ही थांबलो. पाण्याची बाटली फिरली.

"पुढच्या वर्षी ट्रान्सफरचं बघायला हवं," खांबेटे म्हणाले. "फॉर्म मी आणून ठेवलेत."

मुग्धा बुटाच्या टोकाने खडा उकरत राहिली. "बाबा, आय डोन्ट वॉन्ट टू ट्रान्सफर. माय फ्रेंड्स आर देअर. आईपण आता तिथे सेटल झालीय." मग हळूच म्हणाली, "शी डिडन्ट नो हाउ टू टेल यू."

मी आणि पै उगाचच पाण्याकडे बघू लागलो.

"बरोबर आहे," खांबेटे म्हणाले. "तिथली कॉलेजं चांगली आहेत." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. ते नीट बसेना, पुन्हा लावलं. "चला. भिंतीवरून जाऊ आज. सगळे दमलेत."

मला फार वाईट वाटलं. ते भिंतीवर दहा पावलं गेलेही होते. मुग्धा जागची हलली नाही.

"बाबा, नॉट धिस वे," ती म्हणाली. "लांबून जाऊ ना आपण."

"तुला कंटाळा येईल."

"आय वोन्ट."

ती जाऊन त्यांच्या हाताला धरून त्यांना मागे घेऊन आली आणि दोघं डोंगराकडे वळली. आम्ही भिंतीवरून पलीकडे गेलो आणि कठड्याला टेकून बसलो. बऱ्याच वेळाने समोरच्या उतारावर दोन ठिपके दिसले. येताना वाऱ्यासारखी पळालेली ती पोरगी बापाच्या बरोबरीने अगदी रमतगमत चालत होती. मधेच दोघं एका दगडावर बसली.

पैंची दोनची ड्यूटी होती. त्यांनी घड्याळ बघितलं, हाक मारायला तोंडाशी हात नेला आणि तसाच खाली घेतला.

"बैठो साब," ते म्हणाले. "आने दो आराम से."