हिरवा दिवा

ठमीच्या आईने काकूंच्या पाळणाघरात, पुढच्या खोलीच्या भिंतीवर, एक डबडं स्वतः खिळा ठोकून लावलं.

"यात हवेतली धूळ कळते. हवा चांगली असली की दिवा हिरवा, वाईट असली की लाल, फारच बिघडली की भोंगा. अन् आम्हा सगळ्या आयांना मोबाइलवर दिसणार," ती म्हणाली. "पोरगी किती दिवस खोकतेय, काकू. आठवडाभरात दिवा हिरवा झाला नाही, तर मी तिला दुसरीकडे घालीन."

एक आई हलली की बाकीच्या हलणार, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. मेंढरांना निदान मेंढपाळ असतो, आयांना नुसता मोबाइलवरचा ग्रुप. आणि नवऱ्याच्या मागे काकूंचं पोट याच दोन खोल्यांवर चाललं होतं.

दिवा अर्थातच लाल होता. काकूंनी पदर खोचला. सगळी धूळ गालिच्यात म्हणून तो तिथेच झटकला, तर डबडं कोकलायला लागलं आणि आयांचे फोन सुरू झाले. मग हवा शुद्ध व्हावी म्हणून गुलाबाच्या वासाचा फवारा मारला. डबडं जास्तच कोकललं, वर चार पोरं शिंकू लागली. खिडक्या लावल्या तर पोरं घामाघूम, उघडल्या तर समोरच्या बांधकामाची धूळ आत.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला," मदतीच्या मावशी पुटपुटल्या.

"रेडा कोण ते आधी सांगा," काकू खेकसल्या.

रेडा दुपारी सापडला. मुलं जेवायला मागच्या खोलीत गेली आणि थोड्या वेळात दिवा हिरवा झाला. मुलं परत येऊन गालिच्यावर नाचली, की लाल. एरवी धूळ बिचारी आपली गपचूप पडून होती.

"म्हणजे सगळी भानगड पोरांचीच," काकू म्हणाल्या.

"मग काय पोरांना घरी पाठवायचं?"

"मागच्या खोलीत ठेवायचं. गालिच्यासकट, खेळण्यांसकट. इथं कुणी पाऊल टाकायचं नाही."

"मागं खिडकी नाही. भिंतीला बुरशी आलीय."

"तिथं डबडं आहे का?"

डबडं नव्हतं. मावशींनी गालिचा गुंडाळला.

पुढची खोली दिवसभर हिरवी राहू लागली. ग्रुपवर काकूंचे गोडवे गायले गेले, नवे पालक चौकशीला येऊ लागले. काकू त्यांना ती चकचकीत खोली उंबऱ्याबाहेरूनच दाखवत. मागे पोरं कोंबलेली होती आणि ठमीचा खोकला दुप्पट झाला होता. तो ऐकला की काकूंना स्वतःची लाज वाटे. आज सांगून टाकू, असं त्या रोज ठरवत आणि रोज एखादा नवा प्रवेश येई.

एका संध्याकाळी ठमीची आई न्यायला आली ती जरा ओशाळलेलीच. "काकू, मी उगाच तुमच्यावर घसरले. डॉक्टरांनी विचारलं, पाळणाघरात हवा कशी आहे? मी मोबाइलच पुढे केला, दिवसभर हिरवा. म्हणाले, मग सवय लागली असेल, लक्ष देऊ नका. औषधही बंद केलंय."

काकूंनी तोंड उघडलं. तेवढ्यात ठमीला ढास लागली.

"पुरे झाली नाटकं," आई तिच्यावर ओरडली. "काकूंनी एवढं केलंय तुझ्यासाठी."

ठमीने दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबले. डोळ्यांत पाणी आलं, खांदे गदगदा हलले, पण आवाज फुटू दिला नाही.

"बघा, थांबतो की नाही," आई म्हणाली.

"शहाणी आहे हो," काकू म्हणाल्या आणि तिला चपला घालायला खाली वाकल्या.