हसनमियांची देखरेख समिती

पोलिसांवर देखरेख कशी ठेवावी, हे हसनमियांना तोंडपाठ होतं. अडचण एवढीच, की बहरीनमध्ये त्यांच्या हाताशी पोलीस नव्हते. मग त्यांनी सनाबिसमधल्या आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनवर भागवलं.

रायगडात, गावी, ते पोलीस ठाण्याच्या शांतता समितीवर होते. फौजदार त्यांना खुर्ची द्यायचे, चहा पाजायचे आणि मग स्वतःच्या मनासारखं करायचे. एवढ्या अनुभवावर माणूस जन्मभर बोलू शकतो. मआमीरच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते, पण जीव सगळा समितीत. इथल्या समितीचे ते अध्यक्ष, मी सेक्रेटरी आणि वरच्या मजल्यावरचे सय्यद सदस्य. तिघांच्या देखरेखीखाली एकटा रहीम, बांगलादेशातल्या सिलहटचा. दर शुक्रवारी तो आमच्यासमोर उभा राहून "सब ठीक है" म्हणायचा आणि मग आमच्यातच बसून बिर्याणी खायचा.

"कांबळे, समितीनं इचारायचा," हसनमिया मला बजावायचे. "हाकलायचा नाय."

पहिलाच ठराव त्यांनी केला होता, की वॉचमनला खासगी कामाला कोणी पाठवायचं नाही. सय्यदांनी एकदा त्याला खुबूस, म्हणजे इथली रोटी, आणायला धाडलं, तर अख्खं जेवण होईपर्यंत त्यांना अधिकारांवर व्याख्यान ऐकावं लागलं.

एका दुपारी तळमजल्यावरचा गॅस सिलिंडर चोरीला गेला आणि रहीम गेटवर नव्हता. संध्याकाळी घरमालकाचा माणूस आला. खलास, व्हिसा कॅन्सल, याला परत पाठवतो, म्हणाला. रहीमच्या तोंडचं पाणी पळालं. कुठे गेला होतास, असं आम्ही हरप्रकारे विचारलं, पण तो मान वर करीना. तेवढ्यात हसनमिया कामावरून आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि अध्यक्षांच्या खुर्चीत न बसता रहीमशेजारी जाऊन उभे राहिले.

"मी पाठवला व्हता त्याला. चूक माझी हाय."

हसनमियांच्या मुलीचा निकाह ठरला होता आणि यांना लीव्ह मिळाली नव्हती. गावचा एक जण त्या दुपारी निघणार होता. हे शिफ्टवर, म्हणून मुलीसाठी चार शब्द भरलेली कॅसेट त्यांनी रहीमच्या हाती विमानतळावर पाठवली होती. अध्यक्षांचं नाव यायला नको म्हणून तो नोकरी घालवायला तयार झाला होता. घरमालकाचा माणूसही हे ऐकून "यल्ला, इस बार छोड़ा" म्हणून गेला.

अध्यक्षांना समज द्यावी, असा ठराव हसनमियांनीच मांडला. समज सय्यदांनी दिली आणि खुबूसचं सगळं उट्टं काढलं. हसनमिया मान खाली घालून ऐकत होते. रहीम पोटभर जेवला.

पुढे मी हसनमियांना सहज विचारलं, कॅसेट ऐकली का घरी?

"मांडवात लावली. सगली जमली आयकायला," ते म्हणाले. "नुसता माझा खोकलाच."

फौजदारासमोर न अडखळलेला हा माणूस लेकीसाठी एक शब्द बोलू शकला नव्हता.

"पोर फोनवर म्हनली, अब्बा, ही कॅसेट मी कुनाला पुसू देनार नाय."