युवराजांची टाळू दुसरे महिनी भरली त्याची हकिगत

सटवाई माउलीस दंडवत, जी लेकरांचे कपाळी लिहून जाते आणि काय लिहिले ते कोणास वाचून दाखवीत नाही. शके सोळाशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरी, एके राज्यी (नांव लिहिण्याची आज्ञा नाही) राणीसाहेबांस पुत्र जहाला आणि युवराजांस न्हाऊमाखू घालण्याचे काम ठकूबाईस सांगितले. गावची निम्मी डोकी तिच्याच तळव्यांनी गोल केलेली, ऐसा तिचा लौकिक. ती नित्य टाळूवर तेल घाली, आणि जी टाळू भरण्यास वर्ष-दीड वर्ष लागावे ती दुसरे महिनीच भरली. मग महालात आनंदीआनंद जहाला आणि राणीसाहेबांनी स्वहस्ते ठकूबाईस लुगडे-चोळी दिली. परंतु तिचे बोटांस कपाळापासून मागेपर्यंत हाडाचा उंचवटा, शेताचे बांधासारखा, लागत होता आणि हे तेलाचे काम नव्हे हे तीस कळले होते. तरी कौतुक कोणास नको असते? तिने लुगडे घेतले आणि तोंड मिटून राहिली.

मग चौथे महिनी मस्तक पुढेमागे लांबत चालले. भाट म्हणाले, राजलक्षण आहे. मुकुंदजी शस्त्रवैद्यांनी मस्तक चाचपून अर्ज केला जे, "कवटीचे सांधे मोकळे असावेत, म्हणजे मेंदू वाढेल तैसी कवटी वाढते. येथे मधला सांधा मिटला आहे. सहा महिन्यांचे आत लहान छेदाने काम होईल. वरीस उलटले तर कवटी मोठी उघडावी लागेल, आणि वाचा व समज कितपत येईल याची हमी मजकडून होणार नाही." राजोपाध्ये म्हणाले, "छेदास केस काढावे लागतील. जावळ वर्षाचे आत निघत नाही, आणि मामाचे मांडीवाचून तर नाहीच. मामा मोहिमेवर आहेत." दरबाराने माना डोलाविल्या आणि ठरविले जे, घाई नको, ठकूबाई चोळून गोल करील.

आपले नांव ऐकून ठकूबाईस राहवेना. दाराआडून पुढे आली आणि राणीसाहेबांचे पायाशी बसून बोलली, "आईसाहेब, माझ्या हाताने हे होणार नाही. टाळू माझ्या तेलाने भरली नाही, आतून हाडच मिटले. मला दोन महिने ठाऊक आहे. कौतुकास भुलले आणि गप्प बसले. काय ती सजा करा."  राणीसाहेबांनी नाभिकास बोलावणे पाठविले आणि म्हणाल्या, "मामा नाहीत, तर ठकूबाई मांडी घालून बसेल. लेकरू तिनेच धरावे." उपाध्ये रुसून उठून गेले, ते गेले. ठकूबाईने ते डोके दोन्ही हातांत धरिले आणि वस्तरा फिरेतो तिचे अश्रू खळले नाहीत. दुसरे दिवशी मुकुंदजींनी गुंगी देऊन सांधा मोकळा केला आणि यश आले.

पुढे मस्तक सुरेख भरले, चालणेही वेळेवर जहाले. बोलणे मात्र मागे राहिले. तिसरे वर्ष लागले तेव्हा युवराजांनी पहिला शब्द काढिला आणि राणीसाहेबांनी साखर वाटली. त्या गर्दीत ठकूबाईने मुकुंदजींस एकीकडे घेऊन पुसिले, "वैद्यबोवा, मी दुसरे महिनीच सांगितले असते, तर हे आधी बोलले असते काय?"

मुकुंदजी विचार करून म्हणाले, "कदाचित बोलते. कदाचित आजच बोलते. धडधाकट डोक्याची पोरेही उशिरा बोलतात. हे मलाच काय, कोणासही सांगता येणार नाही."

तात्पर्य, शस्त्र मुदतीत चालले आणि युवराज बोलू लागले. ठकूबाई तेव्हापासून ज्या घरी न्हाऊ घाली, तेथे बोटांस जे लागेल ते त्याच दिवशी आईस सांगे, मग घरचे रागावोत की काम सुटो. त्या दोन महिन्यांचा जबाब तिला मरेतोवर मिळाला नाही.