रेड्याने पास केलेली पुस्तकमाला

नागावचे आमचे विसूकाका कोणतंही पुस्तक आधी रेड्याला वाचून दाखवत. रेड्याच्या तोंडून वेद वदवल्याची गोष्ट आपण ऐकलेली असते. काका रेड्याला नुसतं ऐकवत.

यात धर्म नव्हता, पाणी होतं. काकांच्या सुपारीच्या वाडीला रहाटाचं शिंपण. डोळ्यांना झापड बांधलेला रेडा मागून माणसाचा आवाज येई तोवरच फिरे. काकांचे वडील रहाटावर गाणी म्हणत. काकांनी गायला सुरुवात केली, की रेडा थांबे तो थांबेच. म्हणून काका वाचत. पंचांग, औषधाच्या बाटलीवरचा कागद, जे हाती लागेल ते. कराचीला नोकरीवर असलेल्या मुलाचं पत्र आलं, की पंधरा दिवस तेच. पत्र चार ओळींचं, तेवढ्यात अर्धा फेराही होत नसे. मग काका पुन्हा "तीर्थरूप बाबांस" पासून सुरू करत.

आमचा वसंता मराठी तिसरीत गेला आणि हिने फर्मान काढलं, "पोराला एखादी पुस्तकमाला आणा. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचतो तो!"

मी अलिबागच्या कचेरीत कारकून. निवड हा प्रकार माझ्या आयुष्यात फारसा आलेला नाही. कोट वडिलांनी निवडला, नोकरी मामांनी, आणि हिला आईने. तरी मी मुंबईहून तीन मालांचे नमुने मागवले. मला पहिली माला पसंत होती. तिच्या मुखपृष्ठावर एक मुलगा वडिलांचे पाय चेपत होता.

"मुलाने वाचायचंय की तू?" काकांनी विचारलं. "उद्या घेऊन ये. रेड्याला विचारू."

"काका, रेड्याला काय कळतं?"

"काही कळत नाही, म्हणून तर लबाडी करत नाही. वाचणारा कंटाळला की आवाज पडतो, आवाज पडला की रेडा थांबतो. वसंताचे हेडमास्तर थांबतात का?"

दुसऱ्या दिवशी वसंता रहाटाच्या दांड्यावर बसला आणि परीक्षा सुरू झाली. पाय चेपणारा मुलगा तिसऱ्या पानावर थोरांना वंदन करू लागला, तशी काकांना जांभई आली. रेडा उभा. "तू वाच," म्हणून पुस्तक माझ्याकडे आलं. मी कचेरीत अर्ज वाचतो तसं वाचलं. रेड्याने पाव फेरा घातला, शेण टाकलं आणि खाली बसायच्या बेतात आला.

"नापास," काका म्हणाले. "पुस्तकही, तूही."

दुसरी माला प्राण्यांची माहिती देणारी. ती बरी चालली होती, पण तीत म्हशीवर पानभर मजकूर होता आणि रेड्यावर ओळसुद्धा नाही. काकांनी ती तिथल्या तिथे मिटली.

तिसरी एका गलबतावर लपून बसलेल्या मुलाची. बारा भागांत एकच गोष्ट. काका वाचू लागले आणि वाचतच राहिले. वसंता दांड्यावरून पुढे वाकला. रेडा फिरतोय, रहाटाची गाडगी भरभरून रिती होताहेत, आणि शेजारच्या वाडीतून धोंडू ओरडतोय, "अवो काका, बास करा! पानी आमच्या वांग्यांत शिरलं!"

तीच माला ठरली. बाराही भागांचं बांडल आलं आणि काकांनी ते आपल्याकडे ठेवून घेतलं. नियम असा, की रोज शाळा सुटल्यावर वसंताने वाडीत यायचं आणि एक प्रकरण ऐकायचं. तेव्हाच्या पुस्तकांची पानं जोडलेली येत. काका सुरीने रोज एका प्रकरणापुरतीच कापत, पुढचं एकही नाही.

महिना झाला तरी पहिलाच भाग चाललेला. ही भडकली. "पुस्तकं आपली, मूल आपलं, त्याला वाचता येतंय, आणि ती रेड्याकडे कशाला? आज घेऊन या सगळी. का मी जाऊ?"

तिने जाण्यापेक्षा मी गेलेलं बरं. कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकून भर दुपारी वाडीत शिरलो. वसंता शाळेत होता. माडाआडून काकांचा आवाज आला, "तीर्थरूप बाबांस..." पत्र घड्यांवर फाटलं होतं. काका त्याकडे बघतही नव्हते, नुसतं हातात धरून म्हणत होते. चार ओळी संपल्या. रेडा थांबला.

"चल रे," काका त्याला म्हणाले. "गोष्ट आत्ता नाही. वसंता आल्याशिवाय पान कापायचं नाही. मलाही कळलेलं नाही, पुढे काय होतं ते."

मग त्यांना मी दिसलो. त्यांनी पत्राची घडी केली.

"पुस्तकं न्यायला आलास ना?" त्यांनी बांडल पुढे सरकवलं. "ने. परवा त्याने माझीच चूक काढली. स्वतःचं स्वतः वाचतो आता. रेड्याचं काय, तो पत्रावरही चालतो."

मी घरून येताना चार वाक्यं पाठ करून आलो होतो. तोंडातून निघालं भलतंच. "पुस्तकं कसली, काका? थोडी सुपारी न्यायला आलो."

"तुमच्यात खातं कोण सुपारी?"

"आता खाणार आहोत."

काकांनी माझं उपरणं भरून दिलं.

घरी आल्यावर ही दारातच. "पुस्तकं?"

मी तिच्यासमोर सुपारीचा ढीग ओतला आणि काय पाहिलं, काय ऐकलं ते सांगितलं. तिने ढीग सुपात भरला. मग म्हणाली, "अडकित्ता तरी आणायचा मागून."

संध्याकाळी वसंता दप्तर टाकून वाडीकडे पळाला, तेव्हा तिने खिडकीतून हाक मारली, "वसंता, काकांना सांग हो, सावकाश वाचा म्हणावं!"