बंद, मंद, मध्यम, प्रखर

कोणत्याही यंत्राची योग्यता त्याच्या बटणावर काय लिहिले आहे यावरून ठरते. यंत्र प्रत्यक्षात काय करते हा दुय्यम आणि बहुधा खाजगी स्वरूपाचा प्रश्न आहे. पवनीच्या वैनतीर नागरिक कल्याण मंडळाला हे सत्य जरा उशिरा कळले, पण कळले ते कायमचे.

मंडळाच्या स्वयंपाकघरात गॅसवर चालणारे एक जुने ग्रिल आहे. चार बर्नर, वर लोखंडी जाळी, समोर चार बटणे. जवाहरनगरचे एक साहेब निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला निघाले तेव्हा ते ट्रकमध्ये मावेना, म्हणून त्यांनी ते मंडळाला प्रेमपूर्वक भेट दिले. साहेब त्यावर काय भाजत असत हे त्यांनी सांगितले नाही, आणि मंडळाने आपल्या शाकाहारी परंपरेला जागून विचारले नाही. तेव्हापासून दर गुरुवारी त्या जाळीवर वांगी भाजली जातात आणि सदस्य दुपारी भरीत-भाकर खातात. मंडळाच्या घटनेत या खाण्याला 'समाजकार्य' म्हटले आहे.

त्यातले भाजण्याचे किरकोळ काम शकुनबाई करत. अकरा वर्षांत त्यांनी अंदाजे सव्वीस हजार वांगी भाजली. कच्ची राहिलेली, एकही नाही. करपलेली, तीन (त्या दिवशी अध्यक्ष मारोतराव स्वयंपाकघरात येऊन मार्गदर्शन करत होते). शकुनबाईंना घरी कोणी फारसे विचारत नसे. सुनेने स्वयंपाक हातात घेतल्याला काळ लोटला होता. पण आसगावपासून पवनीपर्यंत कुठेही मोठा स्वयंपाक निघाला, की 'शकुनबाईले विचारा, तिले आच कळते' असे लोक म्हणत. ते कानावर आले की त्या पदर सारखा करत आणि काही ऐकलेच नाही असे दाखवत. त्यांच्याकडे त्यांचे स्वतःचे म्हणावे असे तेवढेच होते.

बटणांची अवस्था मात्र लाजिरवाणी होती. त्यांवरची अक्षरे तेल, काजळी आणि शकुनबाईंचा अंगठा या तिघांनी मिळून केव्हाच पुसली होती. दोन बटणे गुळगुळीत झाली होती, तिसरे चिरले म्हणून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधले होते, आणि चौथे गायब असल्यामुळे नुसती दांडी उरली होती. ती शकुनबाई पकडीने फिरवत. कुठे किती फिरवायचे हे त्यांना गॅसच्या आवाजावरून कळे. म्हणजे सगळा कारभार बिनालेखी चालला होता.

हा प्रकार उघडकीस आला तो नागपूरच्या एका पाहुण्यामुळे. पाहुण्याने ग्रिलपाशी उभे राहून मारोतरावांना सहज विचारले, "यात मोठी आच कुठली हो?" मारोतराव सतरा वर्षे अध्यक्ष होते. त्यांनी बटणांकडे पाहिले. बटणांवर काहीच लिहिलेले नव्हते, त्यामुळे त्यांना वाचता आले नाही. त्यांनी पाहुण्याला ग्रंथालय दाखवायला नेले.

दुसऱ्याच दिवशी 'बटण पुनर्रंजन व पुनर्स्थापना उपसमिती' नेमली गेली. उपसमितीने सहा बैठका घेतल्या. पहिल्या चार बैठका शब्दांवर झाल्या. 'सिम' हा शब्द परका म्हणून गेला. 'बारीक' हा आचेचा अपमान ठरला. शेवटी बंद, मंद, मध्यम, प्रखर असे चार शुद्ध शब्द एकमताने निश्चित झाले. पाचव्या बैठकीत त्यांचा क्रम ठरायचा होता. सचिव वीरेंद्र यांनी भिंतीवरच्या पंख्याच्या रेग्युलेटरकडे बोट दाखवले. शून्य, एक, दोन, तीन. जितके जास्त फिरवावे तितके जास्त मिळावे, हा निसर्गाचा आणि सहकाराचाही नियम आहे, असे ते म्हणाले. टाळ्या झाल्या.

शकुनबाई तेव्हा चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"भाऊ, तसं नाही राहत ते," त्या म्हणाल्या. "बटन फिरवलं का पयले मोठी आच येते. अजून पुढं नेलं का मंग लहान होते."

"असं कसं होईल, बाई?" वीरेंद्र समजुतीच्या सुरात म्हणाले. "पंखा पाहा ना."

"पंख्यावर वांगे नाही भाजत मी."

"बाई, हा तांत्रिक विषय आहे."

"मंग तुमीच भाजा ना बाप्पा तांत्रिक," असे म्हणून त्या रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या. इतिवृत्तात नोंद झाली: 'चहा समाधानकारक होता.'

नवी बटणे भंडाऱ्याहून आली. दोन ग्रिलचीच होती. दोन कूलरची होती, पण दांडीवर घट्ट बसली, आणि मंडळात बसण्यासाठी याहून जास्त पात्रता आजवर कोणालाही लागलेली नव्हती. रंगकामासाठी प्रविण पेंटरला बोलावले. ट्रॅक्टरच्या मागच्या फळीवर हातभर अक्षरे काढणारा हा कलावंत. त्याला रुपयाएवढ्या जागेत चार शब्द बसवायचे होते. त्याने ते बसवले. (बंद आणि मंद यांत एकाच अक्षराचा फरक आहे, प्रविणच्या ब्रशला तोही मान्य नव्हता.) जागा उरली तिथे त्याने एकेक गुलाबाचे फूल काढले. विचारल्यावर म्हणाला, "खाली खाली दिसून राहिलं होतं, काका."

उद्घाटन अध्यक्षांच्या हस्ते झाले. गळ्यात जरीच्या झिरमिळ्यांचा हार, हातात लायटर. त्यांनी बटण बेताने 'मंद'वर आणले. आच हातभर उठली. हाराच्या झिरमिळ्या गेल्या, उजव्या भुवईचा बाहेरचा अर्धा भाग गेला. शकुनबाईंनी पुढे होऊन बटण 'प्रखर'वर नेले, तशी आच खाली बसली आणि वातीएवढी झाली.

"पाहा," त्या म्हणाल्या, "मी काय सांगून राहिली होती?"

त्यांचे हे वाक्य पुढे चौकशीत त्यांच्याच विरुद्ध वापरले गेले. 'पूर्वकल्पना असूनही' असे शब्द अहवालात आहेत. चौकशीत दोन गोष्टी निर्विवाद ठरल्या. एक, बटणांवरचा मजकूर सहा बैठकांत मंजूर झालेला असल्यामुळे तो चुकीचा असू शकत नाही. दोन, आच मजकुराप्रमाणे वागत नाही. सबब दोष आचेकडे जातो. पण आचेला नोटीस देण्याची तरतूद घटनेत नव्हती. म्हणून ती शकुनबाईंना दिली: यापुढे भाजणे लेखी मजकुराबरहुकूम करावे.

पुढच्या गुरुवारी शकुनबाईंनी नोटीस घडी करून कमरेला खोचली आणि डोळे मिटून, आवाजावर, नेहमीसारखी वांगी भाजली. भरीत नेहमीसारखे झाले. सचिवांनी आत डोकावून पाहिले तर वांगी फटाफट फुटत होती आणि बटण 'मंद'वर होते. हा उघड हुकूमभंग होता. त्याचा पुरावा सदतीस सदस्यांनी तासाभरात खाल्ला, दोघांनी मागून घेतला.

मग विशेष सभा भरली. ठराव असा होता: 'शकुनबाई यांना आच कळत नसल्याने त्यांना सेवामुक्त करण्यात यावे.'

शकुनबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. काम जाईल याची त्यांना कल्पना होती, त्यासाठी मन घट्ट करूनच त्या आल्या होत्या. 'आच कळत नसल्याने' हे शब्द आले तेव्हा मात्र त्यांनी दाराची चौकट धरली.

"अध्यक्षसाहेब, मले काढा," त्या म्हणाल्या. "पण ते तेवढं लिहू नका."

"कारण द्यावं लागते, बाई," मारोतराव म्हणाले. ते मनाने वाईट नव्हते. भुवईचा उरलेला भाग त्यांनी दयेने वर केला. "कारणाशिवाय ठराव होत नाही."

"मंग एक विचारते. इथं साऱ्याइच्या घरी गॅस हाये. हाये ना?"

सगळ्यांनी मान हलवली.

"तुमच्याबी गॅसची तशीच रीत हाये. पयले मोठी, मंग लहान. ज्यायनं आपल्या हातानं पायलं असंन, त्यायनं हात वर करा. एकच हात वर झाला ना, तरी माह्यं नाव राहते."

सभागृहात सदतीस सदस्य होते. त्यांत तीन निवृत्त मुख्याध्यापक, एक वकील, आणि विज्ञान जत्रेचे परीक्षक म्हणून दरवर्षी बोलावले जाणारे दोघे. या सर्वांनी मिळून घरच्या शेगडीवरचे अन्न सुमारे दोन हजार वर्षे खाल्ले होते (वयांची बेरीज, दुधाचे दिवस वजा जाता). कोणाच्याही मनात शकुनबाईंविषयी राग नव्हता. खोटी साक्ष द्यायला कोणी तयार नव्हते, आणि खरी साक्ष कोणती ते कोणाला ठाऊक नव्हते. एका मुख्याध्यापकांचा हात खांद्यापर्यंत आला. तिथे त्यांनी कान खाजवला.

"घरी विचारून सांगतो," वकील म्हणाले.

ही सूचना सर्वांना रास्त वाटली. सभा आठ दिवस तहकूब झाली. आठ दिवसांनी पुन्हा भरली तेव्हा एकोणतीस जण विचारायचे विसरले होते, सात जणांना घरून 'काहून, आज कसं काय सुचलं?' असे उलट विचारले गेल्यामुळे ते पुढे बोलले नव्हते, आणि एकाने उत्तर आणले होते, पण ते बायकोचे असल्यामुळे ऐकीव पुरावा म्हणून वकिलांनी बाद केले. ठराव एकमताने मंजूर झाला. कारण जसेच्या तसे राहिले.

शकुनबाईंनी ओटा पुसला, जाळी घासून उलटी टाकली आणि त्या दारातून मागे वळून म्हणाल्या, "तुमचं काही चुकलं नाही, भाऊ. अकरा वर्षं मीच तुमाले आयतं भाजून देत गेली." हेही इतिवृत्तात आले नाही, कारण इतिवृत्त लिहिणारे वीरेंद्र तेव्हा जेवणाचे काय, हे पाहायला गेले होते. आता आसगावकडे मोठा स्वयंपाक निघाला की लोक शकुनबाईंचे नाव काढतात, आणि मग कोणीतरी हळूच म्हणतो, 'पण त्यायनं तर लिहून देल्लं म्हणते, का तिले आच कळत नाही.' लेखी मजकुराला गावोगावी अजून मान आहे, ही समाधानाची बाब आहे.

येथवर आलेले वाचक मंडळावर पोटभर हसले असतील. हसावे. फक्त जागेवरून न उठता आणि आत कोणालाही हाक न मारता एवढे सांगावे, की आपल्या घरची शेगडी पेटवताना बटण डावीकडे फिरते की उजवीकडे? ज्यांनी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, त्यांनी शकुनबाईंसाठी हात वर करावा. आणि ज्यांची बोटे आत्ता हवेत थोडी फिरली, थांबली, पुन्हा दुसऱ्या बाजूने फिरली, त्यांच्यासाठी मंडळात गुरुवारी पान वाढलेले आहे. वांगी थोडी कच्ची असतात, पण ती प्रखरवर भाजलेली आहेत.